बिराप्पाची सलामी

उंब्रज
रविवार, १४ जानेवारी २०२४

बिराप्पा,

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र एकोणऐंशी सालचं आहे. त्यात तू लग्नाची तारीख कळवली होतीस आणि खाली लिहिलं होतंस, दहिवडीच्या स्टँडवर कुणालाही विचार, घर दाखवतील. मी आलो नाही, आणि का आलो नाही तेही कळवलं नाही. इतक्या वर्षांनी उत्तर लिहायचं तर सुरुवात कुठून करावी ते समजत नाही. सातवीत माझी शाळा सुटली हे तुला माहीतच आहे. अक्षर लावून घे.

तुझा मिरजेचा पत्ता दहिवडीच्या एका पेन्शनरानं दिला. बायको गेल्यापासून तू मुलीकडे, मायाकडे, राहतोस असं तो म्हणाला. पिनकोडचा शेवटचा आकडा त्याच्या अक्षरात शून्य वाटतो आणि सहाही वाटतो. मी शून्य लिहिलंय. पत्र भलत्याच गावाला गेलं नाही म्हणजे मिळवली.

लिहिण्याचं कारण असं. आमच्या गावचे सुभेदार लालासाहेब येत्या दहा मार्चला पंचाहत्तर पुरे करतायत. गावानं सत्कार ठरवलाय आणि त्यांच्या बॉक्सिंगवर एक स्मरणिका निघणार आहे. ते काम रेश्मा मॅडमकडे आहे. त्या इथल्या हायस्कूलात खेळाच्या शिक्षिका आहेत आणि मुलींना बॉक्सिंग शिकवतात. होय, उंब्रजच्या मुली ग्लोव्ह्ज घालून ठोसे मारतात. मी एकदा बघायला उभा राहिलो तर एकीनं मला बाजूला व्हायला सांगितलं.

स्मरणिकेत एक पान आहे, 'लालासाहेबांचे सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी'. या एका पानावरून गाव पेटलाय. सर्व्हिस रोडला तानाजी शिंप्याचं दुकान आहे, तिथं सकाळी आठ-दहा म्हातारे जमतात. तानाजीचं म्हणणं, रेल्वेचा तो डावखुरा सगळ्यात अवघड, कारण त्यानं सुभेदारांचे दोन दात पाडले. मॅडम म्हणतात दात मोजून अवघडपणा ठरत नाही, गोरखा पलटणीचा तो बुटका घ्या. तीनदा लढला आणि तिन्ही वेळा पाच पंचांतले दोन त्याच्या बाजूनं होते. मग त्या डावखुऱ्याची भुवई ठोशानं फुटली की सुभेदारांचं डोकं लागून, यावर पुन्हा तासभर जातो. ज्यांनी आयुष्यात बॉक्सिंगची एक लढत पाहिली नाही ते सगळ्यात मोठ्यानं बोलतात.

आणि शेवटी गाडी तुझ्यावर येते. सत्त्याहत्तरची ब्रिगेडची फायनल. तिसऱ्या राऊंडला तुझा उजवा हात बसला आणि लालासाहेब उताणे पडले. ते कुणाकडून तसे पडल्याचं दुसरं उदाहरण नाही. पण मॅडम नियम समजावून सांगतात, की समोरचा पडला तर उभ्या माणसानं रिकाम्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. तो तिथं पोचल्याशिवाय पंच आकडे मोजत नाही, आणि पडलेला दहाच्या आत उठला तर लढत चालूच राहते. तू गेला नाहीस. तू हात वर करून रिंगभर फिरलास. तेवढ्यात लालासाहेबांना दम मिळाला, आकडे सुरू झाल्यावर ते सातला उठले, आणि निकाल तीन विरुद्ध दोन असा त्यांच्याकडे गेला.

दुकानात म्हणतात, गड्याला टाळ्यांची हाव सुटली. मला ते ऐकवत नाही. पण मी काही बोलतही नाही.

मॅडमना तुझ्याकडून चार ओळी हव्या आहेत. तू कोपऱ्यात का गेला नाहीस, एवढंच. मायाकडून लिहून घेतलंस तरी चालेल.

तुझा
भाऊसो


उंब्रज
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

बिराप्पा,

तीन आठवडे झाले, तुझं काही आलं नाही. पोस्टमनला रोज विचारतो. काल तो म्हणाला, बाबा, तुमचं आलं तर मी गाडीचा हॉर्न वाजवत येईन, रोज आडवं येऊ नका. माझी मुलगी संयोगिता म्हणते फोन नंबर मिळवून फोन करा. फोनवर मला बोलता येत नाही. समोरचा गप्प बसला की मी भलतंच बोलून जातो.

आणखी एक भीती वाटते. तू आजारी नाहीस ना? मिरजेला माणूस राहायला गेला म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा विचारतात, कुठल्या दवाखान्यात. मायाकडे राहतोस म्हणून गेलास की औषधासाठी, ते कळव.

इथं मजा झाली ती सांगतो. तू किती सेकंद फिरलास यावर वाद लागला. तानाजी म्हणाला पाच-सहा, दुसरा म्हणाला अर्धा मिनिट. मॅडम म्हणाल्या, वाद कशाला, मोजून बघू. सत्तावीस तारखेच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे हायस्कूलच्या पटांगणात गेलो. फक्कीनं रिंग आखली. लालासाहेब म्हणून तानाजीला सतरंजीवर उताणा झोपवला. त्याची अट एकच, उशी पाहिजे. बिराप्पा कुणी व्हायचं? ती लढत डोळ्यांनी पाहिलेला गावात मी एकटाच, म्हणून मला उभा केला.

बिरा, मी तू झालो. गुडघ्याला पट्टा, पायात चप्पल, वय त्र्याहत्तर. मॅडमनी मोबाईलवर घड्याळ लावलं. मला वाटलं होतं विसरलो असेन, पण पाय आपोआप चालले. आधी तू वाकलास. ग्लोव्ह रिंगच्या जमिनीला लावून कपाळाला लावलास. मग उजवा हात वर. मग दोराच्या कडेनं चालत साहेब लोक बसले होते त्या बाजूला. तिथं मान लवली. मग पुढच्या बाजूला. मधे पंच दोनदा आडवा आला आणि बोटानं कोपरा दाखवला, तर तू त्यालाही वाकून नमस्कार केलास. तिसऱ्या खेपेला त्यानं तुला खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं.

सतरा सेकंद भरले. मॅडम म्हणाल्या, माझी चाल म्हाताऱ्याची आहे, दोन-तीन कमी धरू. तरी चौदा. त्यावर पंचाचे सात. म्हणजे लालासाहेब एकवीस सेकंद खाली होते. तानाजी सतरंजीवरूनच म्हणाला, "एकवीस सेकंदांत मी घोरायला लागलोय, हे काय उठत्यात."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "आजोबा, ही हाव नाही. ही तर जत्रेतल्या कुस्तीची सलामी आहे. मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मग मैदानाला फेरी. पैलवान चितपट झाला की लढत संपली, असं वाटलं असेल त्यांना?"

मी म्हटलं, असेल. तू माणच्या जत्रांत कुस्त्या मारून पलटणीत आलेला, ग्लोव्ह्ज घालून आठ महिने झालेले. तोवरच्या सगळ्या लढती तू गुणांवर जिंकल्या होत्यास. तुझ्या हातून रिंगमध्ये कुणी पाठीवर पडलंच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या कोपऱ्यात कोण होतं? पाणी देणारा, टॉवेल धरणारा? त्यानं कसं सांगितलं नाही?"

मी म्हटलं, आठवत नाही.

मॅडमनी वहीत तसं लिहून घेतलं. त्या दिवसापासून जेवण नीट जात नाही. धाकट्या जावयानं आवळ्याचा रस आणून दिलाय, त्यानं काही फरक नाही.

चार ओळी पाठव.

भाऊसो


उंब्रज
बुधवार, २१ फेब्रुवारी २०२४

बिरा,

तुझं कार्ड परवा पोचलं. पोस्टमननं खरंच हॉर्न वाजवला. अक्षर मायाचं असावं, पण सही तुझी आहे. एकच ओळ, मॅडमना उद्देशून. 'कोपऱ्यात कोण होतं ते भाऊसोला विचारा.'

मी ते कार्ड दोन दिवस बंडीच्या खिशात ठेवलं. एकदा वाटतं तू रागानं लिहिलंस. एकदा वाटतं तू हसून लिहिलंस. एका ओळीत काही कळत नाही.

आता मी लिहितो. तुला माहीत आहे तेही लिहीन, कारण यातलं तुला काय माहीत आहे आणि काय नाही, तेच मला कधी कळलं नाही.

कोपऱ्यात मी होतो. तू आणि मी एका पलटणीत, लालासाहेब दुसऱ्या. कंपनीत बॉक्सिंगच्या वरकामाला मलाच घ्यायचे, म्हणून माझ्या हातात बादली आणि टॉवेल दिला होता. नियम एकदा वाचून दाखवले होते, इंग्रजीत. पहिल्या राऊंडनंतर तू म्हणालास, भावशा, ह्यो लय सरळ उभा राहतोय, ह्याचा पाय उचलू देत असते तर कवाच टाकला असता. मी म्हटलं, पाय इसर, हात मार. दुसऱ्या राऊंडनंतर तुझ्या ओठातून रक्त येत होतं. मी टॉवेल ओला करून दाबला. तू विचारलंस, मी मागं हाय का? मी म्हटलं, न्हाई, बरोबरीत हाय. खरं तर तू मागं होतास.

मग तिसऱ्या राऊंडला ते झालं. लालासाहेब पडले, आणि मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या जत्रा माझ्या डोक्यात शिरल्या. दोन्ही खांदे टेकले होते, बिरा. आकाशाकडे तोंड. मी दोरावर चढून ओरडलो, "पाठ लागली! बिरा, पाठ लागली! सलामी घे!"

तू वाकलास आणि हात जमिनीला लावलास. माझ्या ओरडण्याआधी वाकलास की नंतर, हे मला सांगता येत नाही. माझं तोंड उघडं होतं, डोळ्यांत पाणी होतं. पंच कोपरा दाखवू लागला तेव्हाही मी ओरडत होतो. मला वाटलं तो तुला मानाची जागा दाखवतोय.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं, आधी तुला, मग मला. ब्रिगेडच्या कमांडरसमोर पलटणीचं हसू झालं होतं. साहेबांनी मला विचारलं, "उसको किसने बोला?" मी म्हटलं, "किसीने नहीं साब. अपने आप किया."

का म्हटलं ते ऐक. पुढच्या महिन्यात माझं नाईकाचं प्रमोशन होतं, हे एक. पण ते मोठं कारण नव्हतं. मी उंब्रजचा. लालासाहेब उंब्रजचे. मी ओरडलो असं कळलं असतं तर सगळी पलटण म्हणाली असती, गाववाल्यासाठी आपल्याच पोराला फसवला. मी शंभर शपथा घेतल्या असत्या तरी कुणाला पटलं नसतं. मला वाटलं तुलाही पटणार नाही.

त्यानंतर संघातून तुझं नाव गेलं. नियम न कळणारा बॉक्सर, असं नोटीसवर लिहिलं होतं म्हणतात. मी नोटीस वाचायला गेलो नाही. तुला दुसऱ्या ठिकाणी पाठवलं त्या सकाळी तू पेटी घेऊन ट्रकपाशी उभा होतास आणि मी लंगरमध्ये कांदे चिरत बसलो होतो. माझी पाळी नव्हती. मागून घेतली होती.

आणि दोन वर्षांनी तूच लग्नाला बोलावलंस. तेव्हापासून ते पत्र माझ्याजवळ आहे. ज्याला माझा राग असता तो लग्नाला कशाला बोलावेल? की बोलावून विचारणार होतास? हे कोडं मला पंचेचाळीस वर्षं सुटलेलं नाही.

उद्या मी मॅडमकडे जातो आणि कोपऱ्यात कोण होतं ते सांगतो.

भाऊसो


उंब्रज
शनिवार, २ मार्च २०२४

बिरा,

सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकलं. मला वाटलं त्या ओरडतील, मी आधी खोटं सांगितलं म्हणून. त्यांनी फक्त वहीचं मागचं पान काढलं, 'आठवत नाही' यावर रेघ मारली आणि म्हणाल्या, आता सुभेदारांकडे चला. मी म्हटलं, मला चक्कर येतेय. त्या म्हणाल्या, तिथं पाणी मिळेल.

लालासाहेब अंगणात शेंगा फोडत बसले होते. डोक्याला कानटोपी. त्यांची नजर कमी झालीय पण मान अजून तशीच ताठ, जशी तुला पहिल्या राऊंडला खुपली होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं. ते शेंगा फोडायचे थांबले.

"काय वरडलास म्हनतोस?"

मी सांगितलं.

"असं नगं. वरडून दाव."

मी म्हटलं, सुभेदार, शेजारीपाजारी आहेत, माझ्या घशाला बरं नाही. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी मी अंगणाच्या मधे उभा राहिलो आणि ओरडलो, "पाठ लागली! बिरा, पाठ लागली! सलामी घे!" पहिल्यांदा आवाज फुटला. दुसऱ्यांदा नीट आला. आतून त्यांची बायको शालूबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या आणि कुणाला काय झालं विचारू लागल्या.

लालासाहेब डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "ह्योच. ह्योच आवाज."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. ते म्हणाले, तुझा ठोसा बसल्यावर त्यांना काही दिसत नव्हतं. उठायचं मनातच नव्हतं. जमीन गार लागत होती आणि पडून राहावंसं वाटत होतं. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्याच बोलीत ओरडलं, पाठ लागली. ते म्हणाले, "आरं, मी बी तालमीतलाच गडी. पाठ लागली म्हनल्यावर कोन पडून ऱ्हाईल? मी झटक्यात कुशीवर वळलो. वळलो म्हनून गुडघं टेकलं. गुडघं टेकलं म्हनून उठलो. न्हाईतर पंचानं शंभर मोजलं असतं तरी मी तितंच."

बिरा, मी तुला जिंकवायला ओरडलो आणि उठले ते.

मॅडम भराभर लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, मग हे तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत? लालासाहेब म्हणाले, चॅम्पियनला कोण विचारतंय तू का उठलास म्हणून. विचारलं असतं तरी सांगितलं असतं की नाही, ठाऊक नाही. आता पंचाहत्तर झाली, आता सांगायला हरकत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गाववाला म्हनून वरडलास व्हय?"

मी म्हटलं, आईशपथ नाही.

"म्हाईत हाय. गाववाल्यासाठी कोन एवढं जीव तोडून वरडत न्हाई."

सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी कोण, याचा निकाल त्यांनी तिथंच दिला. डावखुरा नाही, गोरखाही नाही. बिराप्पा. निकाल तीन-दोनचा असला तरी ती लढत मी हरलेली आहे, असं त्यांच्या नावानं छापा म्हणाले. मॅडमनी विचारलं, पण मग तांत्रिकदृष्ट्या पंचाचं बरोबर होतं ना? ते म्हणाले, पंचाचं बरोबर होतं, माझंबी बरोबर होतं, बिराचं बरोबर होतं, एकट्या भाऊसोचं चुकलं, आणि तो माझ्याच गावचा निघाला. शालूबाईंनी मला गुळाचा खडा दिला. मला साखरेचा त्रास आहे, तरी खाल्ला.

तानाजीला हे सांगितलं तर तो अजून डावखुऱ्यावरच आहे.

निघताना मॅडमनी एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, म्हणजे आजोबांच्या हाकेनं रिंगमधले दोघंही हलले? लालासाहेब म्हणाले, "मी हललो. बिराचं बिराला ठावं."

त्या दिवसापासून मी यावरच अडकलोय. लालासाहेब जमिनीवर, माझ्यापासून चार हातांवर पडले होते. तू त्यांच्या पलीकडे होतास. चारी बाजूंनी जवान ओरडत होते, पत्रे बडवत होते. तुला ऐकू गेलं असेल की नाही? मॅडम म्हणतात पटांगणात पुन्हा मोजून बघू, मुलींना ओरडायला लावू. पण ते मोजून कळायचं नाही.

कारण एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही. त्या दिवशी कॅप्टनसाहेबांच्या ऑफिसातून मी बाहेर आलो तेव्हा क्लार्क म्हणाला, दोघांचा जबाब जुळला, बरं झालं. तूही साहेबांना हेच सांगितलं होतंस, 'किसीने नहीं बोला.' माझ्या आधी, मी काय सांगणार हे माहीत नसताना.

म्हणजे दोनपैकी एक. तुला ऐकू आलंच नाही, तू तुझ्या सवयीनं वाकलास, आणि साहेबांपुढे खरं बोललास. नाहीतर तू ऐकलं होतंस, माझ्या सांगण्यावरून सलामी घेतलीस, आणि मला वाचवायला नाही म्हणालास. पहिलं असेल तर मी सेहेचाळीस वर्षं उगाच तोंड लपवलं. दुसरं असेल तर तू माझ्यासाठी रिंग सोडलीस आणि मी तुझ्या लग्नालाही आलो नाही.

स्मरणिका बुधवारी कऱ्हाडला छापायला जाते. तुझ्या पानावर मॅडमनी चार ओळींची जागा सोडलीय. ती कोरी राहिली तरी चालेल, मी त्यासाठी मागत नाही. माझं नाव मात्र छापा म्हणून मी सांगितलंय, काय ओरडलो त्यासकट. दहा तारखेला सगळा गाव वाचेल. आता मला त्याची फार काळजी वाटत नाही, म्हणजे वाटते, पण सोसेल एवढी.

सत्कार झाला की मला मिरजेला यायचं आहे. गाडीला बसवून द्यायला संयोगिता तयार आहे. तू ऐकलं असशील तरी येणार, नसशील तरी येणार. फक्त दारात उभा राहिल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते मला आधी कळायला हवं. लांबलचक लिहू नकोस. ऐकलं, किंवा नाही. एवढं मायाकडून एका कार्डावर लिहून घे आणि आजच पेटीत टाकायला सांग. पोस्टाला तीन दिवस लागतात.

तुझा
भाऊसो